टिकाराम कापगतेचा इटलीचा खिमा

साकोलीच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत लग्नाची हळद असो, गावदेवीचा बकरा असो की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे पाहुणे असोत, मटण म्हटलं की लोक एकच नाव घेत. टिकाराम कापगते. तलावाखाली घरची चार एकर धानाची शेती होती, ती त्याने जन्मभर नीट केली, पण शेतीसाठी त्याला कोणी ओळखलं नाही. ओळखलं ते झाऱ्यासाठी. दीडशे माणसांचं मटण तो एकटा उतरवायचा, आणि तेही न चाखता. "पहिली वाटी पाळीवरच्या देवाची, मंग माणसाची," असा त्याचा नेम. तलावाच्या पाळीवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, त्याच्यापुढे वाटी ठेवल्याशिवाय टिकाराम बोट जिभेला लावायचा नाही. लोक म्हणत, काय माणूस आहे! न चाखता असं, तर चाखून कसं केलं असतं!

नेम खरा होता, बापापासून आलेला. पण न चाखता जमायचं ते नाकामुळे. मटणाच्या गंजावर, त्या मोठ्या पातेल्यावर, वाकून एक श्वास घेतला की त्याला कळायचं, मीठ कमी आहे, मसाला कच्चा आहे, आणखी दोन लाकडं लागतील. तीन वर्षांपूर्वी तो मेला ताप आला. गावात घरोघरी आला होता. सगळ्यांचीच चव गेली आणि महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्यांची परत आली. टिकारामची आली नाही. कांदा नाही, लसूण नाही, अगरबत्ती नाही, शेण नाही. तोंडात घास घातला की गरम आहे की थंड एवढं कळे, आणि मिरची झोंबे. बाकी सगळं माती.

हे त्याने कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. नाक गेलेल्या माणसाला मटणाच्या गंजापाशी कोण उभं करील? आणि गंजापाशी उभं राहायचं नाही, तर सहासष्ट वर्षांच्या टिकारामने करायचं काय, सपरीत, म्हणजे घराच्या ओसरीत, बसून माश्या मारायच्या? तेव्हा देवाचा नेमच त्याच्या कामी आला. हा माणूस चाखतच नाही म्हटल्यावर विचारणार कोण? मिठाची मूठ हाताला पाठ होती, रंग डोळ्याला कळत होता आणि तेल सुटल्याचा आवाज कानाला. तीन वर्षं त्याने अशीच ढकलली. निभली, असं त्याला वाटत होतं.

आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नात हातात चमचा घेऊन समोर उभी राहिली.

गुंजन, टिकारामच्या मुलाची, भुपेंद्रची, मुलगी. नागपूरला हॉटेलचं शिकली, सहा महिन्यांपासून पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात शिकाऊ म्हणून भाज्या चिरत होती. येत्या सोमवारी तिची परीक्षा होती. इटलीचा मटणाचा सॉस करायचा, तिकडच्या लांब शेवयांवर घालायचा आणि मोठ्या आचाऱ्यापुढे ठेवायचा. जागा एक आणि पोरं दोन. मागच्या महिन्यात तिने तो केला होता, तेव्हा आचाऱ्याने एक घास खाऊन बशी बाजूला सारली होती. म्हणाला, चव वरवरची आहे. यावेळी पुन्हा तसं झालं तर सामान बांधायचं.

"म्हणून मी इथं करून पाहणार, आबाजी," ती म्हणाली. "तुमी फक्त चाखून सांगा. तुमी हव, जमलं म्हनलं, की मी त्या आचाऱ्याले भीत नाई."

"माहा नेम आहे," टिकाराम म्हणाला.

"नेम ठेवा ना! पहिली वाटी मी सोता पाळीवर ठेवून येतो. मंग त चाखसाल?"

आता बोला! पोरगी शिकली की अशी उत्तरं शिकून येते. भीती लपवायला टिकारामने जे नेहमी करायचं तेच केलं. तो खेकसला.

"कर काय करायचं ते. पण आंगनातल्या चुलीवर. घरात नेलं त तुही आजी दोघायलेबी हाकलंल."

आजीच्या, म्हणजे मनकर्णाबाईच्या, गळ्यात तुळशीची माळ. तिच्या स्वयंपाकघरात मटण तर सोडा, मटणाचा चमचाही जात नसे. मटणाची भांडी गोठ्याच्या भिंतीला टांगलेली असत आणि मटण रांधायचं ते पुरुषांनी, बाहेर. घरात हाच कायदा होता.

गुंजनने पिशवी उपसली आणि टिकारामचा संताप सुरू झाला. भुपेंद्रने साकोलीहून सव्वा किलो मटण आणलं होतं, चांगल्या बोकडाचं, पण खिमा करून. "एवढं सुंदर मटण, अन त्याचा भुगा केला? दात पडले काय इटलीवाल्याचे?" मग गाजरं निघाली. "हलवा करतं का?" मग कसल्याशा हिरव्या दांड्या निघाल्या, पुण्याहून इथपर्यंत येता येता मान टाकलेल्या. गुंजन म्हणाली, ही सेलरी. टिकारामने एक दांडी उचलून उलटीपालटी केली. "असं त आपल्या धानाच्या बांधीत उगवते. बैल खात नाई."

"हळद किती?" त्याने विचारलं.

"हळद नाई टाकत, आबाजी."

"तिखट?"

"नाई."

"गरम मसाला? लसून? खोबरं?"

"काईच नाई."

"मंग हे कोन्या बिमाराचं पथ्य आहे?"

तो ओरडत होता ते हळदीसाठी नव्हे. तिखट नाही म्हणजे जिभेला झोंबायचाही आधार गेला. निदान मिरचीवरून काहीतरी ठोकून दिलं असतं. आता चमचा तोंडात घालून तो सांगणार काय, कपाळ?

तेवढ्यात सेवकराम आला. हा टिकारामचा लहानपणापासूनचा जोडीदार. चुलीचा धूर दिसला की याच्या पायाला आपोआप वाट सापडते. आल्या आल्या त्याने लाल वाइनची बाटली उचलली, झाकण काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे त जांभळाचं पानी नासलं गा. यापेक्षा आपली मोहाची टाक ना, बाई. मी आनून देतो."

"काही आनू नका, सेवकबाबा," गुंजन म्हणाली. "बसा गुमान."

ती कामाला लागली, आणि काही म्हणा, पोरीचा हात चांगला होता. कांदा, गाजर आणि त्या बैल न खाणाऱ्या दांड्या तिने इतक्या बारीक चिरल्या, की टिकारामची मान आपोआप डोलली. तेलात आणि लोण्यात तिने ते मंद आचेवर हलवत ठेवलं. चिमूटभर मीठ टाकलं. मग खिमा टाकला. आधी त्याला पाणी सुटलं, ते आटलं, आणि मग तळाशी चरचर सुरू झाली.

"थांब," टिकाराम म्हणाला. "हलवू नोको. आत्ता लागून राहिलं ते. लागू दे."

"जळंल ना!"

"जळत नाई. आवाज आयक. जळताना फटफट वाजते. हे चरचर आहे. अजून... अजून... हां, आता खरवड."

गुंजनने उलथण्याने तळ खरवडला. खाली तपकिरी खरपूस थर आला होता. ती डोळे मोठे करून पाहत राहिली. "हेच, आबाजी! हेच कमी पडत होतं माहं. मी घाबरून लवकर हलवत होतो." तिने पुन्हा चिमूटभर मीठ टाकलं आणि वही काढून लिहून घेतलं. टिकाराम क्षणभर खूश झाला. असंच चाललं असतं तर काय पाहिजे होतं!

पण मग पोरीने दुधाचा गंज पुढे ओढला.

"मटनात दूध?" टिकाराम उभाच राहिला. "अवो बाई! दूध-मटन एका ठाई खाल्लं का आंगावर कोड फुटते! सेवकराम, सांग हिले."

"फुटते," सेवकराम म्हणाला. "आमच्या मामाले फुटलं होतं."

"इटलीत सगळे खातात. त्यायले त काही होत नाई."

"ते आधीच पांढरे आहेत!" टिकाराम कडाडला. "त्यायचं कोड दिसंल कोनाले?"

गुंजन खो खो हसली आणि दूध ओतलं. दुधानंतर वाइन, वाइननंतर थोडासा टमाट्याचा रस. मग म्हणाली, आता तीन तास. एकदम मंद. नुसतं मधून मधून बुडबुड आलं पाहिजे.

तीन तास! सेवकरामने कपाळाला हात लावला. टिकाराम चिडून उठला, कोंड्याचं पोतं आणायला मागे गेला. लाकडाची आच अशी धरून राहत नाही, धानाचा कोंडा मात्र तासन्‌तास धुमसतो. पोतं शोधून, कोरडा कोंडा निवडून तो येईपर्यंत गुंजनने तिसऱ्यांदा मीठ टाकलं होतं. ते त्याने पाहिलं नाही. घोटाळा सुरू झाला तो इथे.

दुपार कलली. तीन तासांनी रस आटून तेल वर आलं, खिमा लोण्यासारखा मऊ झाला. गुंजन एक वाटी घेऊन खरंच पाळीवर जाऊन आली. आता सुटका नव्हती. तिने चमच्यात घास घेतला, फुंकर घातली आणि आबाजींपुढे धरला. सेवकराम बघतोय, भुपेंद्र बघतोय, सून कामिनी दारात उभी राहून बघतेय.

टिकारामने घास तोंडात घेतला. गरम होता. मऊ होता. बस्स. चिखल खाल्ला असता तरी इतकंच कळलं असतं. त्याने डोळे मिटले, जबडा हलवला, जिभेचा टक असा आवाज केला. सगळं नाटक व्यवस्थित केलं. मग मनात हिशेब मांडला. सव्वा किलोला अर्धी मूठ मीठ लागतं, चाळीस वर्षांचा आडाखा आहे. पोरीने टाकल्या असतील दोन चिमट्या.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि अर्धी मूठ मीठ टाकून ढवळून मोकळा झाला.

आता हा आडाखा होता रश्श्याचा. सव्वा किलोला दोन तांबे पाणी, त्या पाण्याचं मीठ. इथे पाणी तीन तास आटून गेलेलं. हे इतक्या वर्षांच्या आचाऱ्याला सुचू नये? भीतीने माणसाची अक्कल जाते ती अशी.

गुंजनने शेवया उकळल्या, मिठाच्या पाण्यात. त्यावर खिमा घातला आणि वरून खारं चीज किसलं. सपरीत चार ताटं मांडली. टिकाराम खांबाला टेकून बसला. आपण मागाहून जेवू म्हणाला.

पहिल्या घासाला भुपेंद्रचं चावणं थांबलं. मग तो जपून पुन्हा चावू लागला. कामिनीने पदर तोंडाला लावला. सेवकरामने घास गिळला आणि पाण्याचा लोटा उचलला, तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"कसं आहे?" टिकारामने विचारलं.

"येगळंच आहे," भुपेंद्र म्हणाला.

"झकास," सेवकराम म्हणाला, आणि कामिनीचा लोटा ओढून घेतला.

टिकारामने आयुष्यभर पंगती वाढल्या होत्या. जेवणाऱ्याचे हात काय बोलतात ते त्याला कळत होतं. त्याने गुंजनकडे पाहिलं. ती एक घास खाऊन थांबली होती. मग तिने वही ओढली आणि लिहिलं. तिने मोठ्याने वाचलंही. "मीठ, सव्वा किलोले अर्धी मूठ, शेवटी."

"गुंजन," टिकाराम म्हणाला. "तुले कसं लागलं?"

"चांगलं आहे, आबाजी."

"खरं सांग."

ती खाली पाहत म्हणाली, "मले थोडं खारं लागलं. पण तुमी म्हनलं म्हंजे बरोबरच असंल. तिकडचं खाऊन खाऊन माहीच जीभ बिघडली. म्हनूनच त मी मागच्या खेपेले नापास झालो. सोमवारी मी असंच करतो, तुमच्या हातानं."

ही पोरगी सोमवारी हे मिठाचं डबकं त्या आचाऱ्यापुढे ठेवणार आणि वर सांगणार, माझ्या आबाजींनी चाखलंय. आताही टिकारामला गप्प बसता आलं असतं. बसला असता तर त्याचं नाव राहिलं असतं आणि पोरीचं गेलं असतं. आणि त्याला सगळ्यात राग आला तो या चौघांचा. जीभ धडधाकट असलेली माणसं! एकाच्याही तोंडून खारट हा शब्द निघू नये?

"अरे, फेका ते ताट!" तो एवढ्या जोराने ओरडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "खारट आहे ना? मंग बोला ना, खारट आहे म्हनून! मले काय इचारता? मले काय समजते? तीन वर्सं झाले, मले ना वास येत, ना चव येत! त्या तापानं सगळं नेलं! काय तोंडात घालून राहिलो तेबी मले समजत नाई, अन ही आंधळ्याले रस्ता इचारून राहिली!"

आतल्या स्वयंपाकघरातून मनकर्णाबाईच्या फोडणीचा आवाज येत होता, तो थांबला.

मग सेवकरामने घसा खाकरला. "मंग ललिताबाईच्या पोराच्या हळदीले..."

"काय झालं होतं हळदीले?"

"लय खारट झालं होतं गा. तिच्या भावानं आधीच मीठ टाकलं होतं, मंग तू टाकलं. दोनशे मानूस पानी पिऊन पिऊन फुगलं."

"अन तू मले आत्ता सांगतं?"

"कसा सांगू? टिकाराम कापगतेचं मटन खारट, म्हनायचं कोनी? जो तो म्हने, आपलीच जीभ आज बरोबर नाई. मी त घरी जाऊन आमच्या सुनेले, शालूले म्हनलं, मले डाक्टरकडे ने."

टिकारामने डोकं धरलं. तीन वर्षं तो जीव मुठीत धरून एक गोष्ट लपवत होता, आणि तीन वर्षं अख्खा परगणा त्याची चूक लपवत होता. कोणाला शिव्या द्याव्यात, हेच त्याला कळेना. म्हणून त्याने सगळ्यांना दिल्या. भुपेंद्रला, सेवकरामला, ललिताबाईच्या भावाला, त्या दोनशे माणसांना आणि शेवटी स्वतःला. शिव्या संपल्यावर गुंजनने वहीतला कागद टराटरा फाडला.

"बाबा," ती भुपेंद्रला म्हणाली, "उद्या अर्धा किलो खिमा अजून आना."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा केला. टिकाराम कोंड्याची आच धरून बसला, खिमा चरचरू लागल्यावर कान देऊन "थांब" म्हणाला, "खरवड" म्हणाला. मीठ तिने स्वतःच्या जिभेने लावलं. दर अर्ध्या तासाला चाखत होती, विचार करत होती. एकदाही तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला ते लागलंही आणि बरंही वाटलं. सेवकरामने दोन ताटं खाल्ली आणि पाणी एकच लोटा प्यायला. संध्याकाळच्या एसटीने गुंजन गेली.

सोमवारी दुपारी फोन आला. भुपेंद्र धावत सपरीत आला. ठेवलं तिला! त्या आचाऱ्याने बशी पुसून खाल्ली, म्हणाला, तळाची चव आली यावेळी. टिकाराम "बरं झालं" म्हणाला आणि पंच्याने तोंड पुसत राहिला. भुपेंद्र पेढे आणायला साकोलीला निघून गेला, कामिनी धान कापायला गेली होती. घरात दोघंच उरली.

मनकर्णाबाईने ताट वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. त्या दिवशीपासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. ताट आदळायची आणि आत जायची. आज मात्र समोर बसली. टिकाराम जेवू लागला. दोन घास गेले, चार गेले.

"एक इचारू?" ती म्हणाली.

"इचार."

"लगन झालं तवापासून रोज माह्या भाजीले नाव ठेवलं तुमी. कधी पानचट, कधी कडू, कधी म्हने तुह्या मायनं तुले काही शिकवलं नाई. चार लोकात म्हनलं. माह्या भावापुढं म्हनलं. नाई का?"

टिकारामने घास खाली ठेवला.

"मंग तीन वर्सं झाले, एक शब्द नाई. जे वाढलं ते खाल्लं. मले वाटलं..." तिचा आवाज चिरकला, तशी ती आणखीच रागावली. "मले वाटलं, मनकर्णे, मरता मरता का होईना, आली तुह्या हाताले चव. बहिनीले फोन करून सांगतलं मी! नारळ फोडला! अन तुमी! तुमाले सांगाले काय झालं होतं? निदान मले?"

टिकारामने ताटाकडे पाहिलं. वांग्याची भाजी होती, तेल सुटलेलं होतं, फोडी अख्ख्या होत्या. रंग तर उत्तम होता. बरी लागते म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर तेही खोटं. मग त्याने ताट तिच्याकडे सरकवलं.

"मले नाई समजत वो," तो म्हणाला. "तूच खाऊन सांग. कशी झाली?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याने तिला पहिल्यांदा विचारलं होतं. मनकर्णाबाईने आधी त्याच्याकडे रागाने पाहिलं, मग ताटाकडे. एक फोड उचलून तोंडात घातली. सावकाश चावली. घाई केली नाही.

"चांगली झाली," ती म्हणाली. "लय चांगली झाली आहे."

"मंग वाढ अजून," टिकाराम म्हणाला.